आईला आलेला मराठी फोन

जयपूरला नोकरीला होतो ना, तेव्हा आईला कोल्हापूरहून आणलं होतं. शेजारी सगळे हिंदी बोलणारे, त्यामुळे ती गप्पच असायची. एका दुपारी तिला फोन आला, तोही मराठीत. "काकू, बँकेतून बोलतोय. तुमचं क्रेडिट कार्ड बंद होणार आहे."

आई हरखलीच. "तू कुठला रे बाबा? जेवलास का?"

थोडा वेळ गप्पा मारून तो म्हणाला, "काकू, आता मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा."

"तो नाही हं सांगणार. पण तू बोल ना अजून!"

त्यानं फोन आपटला.

संध्याकाळी आई मला म्हणाली, "चोर होता रे, पण आपल्याकडचा होता."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी ऑफिसातून तिला फोन करायला लागलो.