चौक काढणारीचं चित्र

दुसऱ्याच्या आयुष्यावर मी लिहावं एवढी माझी लायकी नाही, चुकलं तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कळंबजवळच्या आमच्या वाडीतल्या जनीमावशीनं सांगितलं, तसं उतरवलंय. नाव बदललंय, ती तिचीच अट.

माझा जल्म हितल्याच वाडीतला रं. आईनं शिकवलं तसा लग्नाचा चौक काढते, भिंतीवर, मधी देवी, तांदूळ भिजवून वाटलेल्या पिठानं. नवरीच्या घरनं सुपात तांदूळ आले की समजायचं, आपल्याला बोलावणं हाय. तर ती बंगलेवाली बाई, चित्रं काढणारी, तिच्याकडं मी झाडलोट करायची, ती एकदा माझा चौक बघून गेली आन् म्हणाली, जने, मला तुझं चित्र काढायचंय, अंगावर कापड नको. काय सांगू तुला, मी आधी दाराची कडी बघितली, मग तिचा फोन बाहेर ठेवायला लावला. म्हटलं म्हातारीचं काय बघायचंय, तुझ्या पुस्तकातल्या बायका बघ, गोऱ्या, गुळगुळीत, मान खाली घातलेल्या. ती म्हणाली, म्हणूनच. तू मान वर ठेव, माझ्याकडं बघ. काय डाव हाय कळंना. पण बसले. चार पोरांचं पोट, गुडघे, सगळं काढलंन तिनं, एक सुरकुती सोडली नाय.

मुंबईत लावलंन चित्र, तिथनं कुणीतरी फोटो धाडला, वाडीभर फिरला. पाण्याला गेले तर माझी भावजय तोंड फिरवून म्हणाली, असली बाई देवी काढणार? आता चौकातल्या देवीला तरी लुगडं कुठं असतं, नुसती पिठाची रेघ. त्या देवीला कुणी विचारलं का? भावजयीच्याच पोरीचं लग्न हाय, माझ्या भाचीचं. सूप आलं नाय. आन् तू पण खरं सांग, हे लिहून कुणाला दावणार हायस? बघ बाबा. तुझं भलं होवो.

एवढं लिहून मी परीक्षेसाठी पनवेलला गेलो. परवा आईचा फोन आला. जनीमावशीची भावजय वाडीतल्या दोघींना घेऊन मुंबईला जाऊन चित्र बघून आली. समोर उभी राहून एवढंच बोलली म्हणे, “बघते कशी, रोज माझ्याकडं बघते तश्शीच.” घरी आल्यावर तिनं सूप धाडलं. जनीमावशीनं ते तांदूळ दोनदा निवडले, काही घातलंय का बघायला. मग भिजत घातले.