माझा ग्राफ, त्याचं नाव

...नाही, आभार मानले ना त्या कैलासने, पेपरात! शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत! तुम्हाला सांगते, मी यशोधरा, बदलापूरच्या मांजर्लीची, दोन वर्षं मुंबईच्या लॅबमध्ये काचेवरच्या निकेलच्या थरावर लेसर मारत बसले. थर कसला, केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ! एक झटका मारायचा, निकेलचं चुंबकत्व ढासळतं. मागोमाग दुसरा मंद झटका पाठवायचा, परत आलेला प्रकाश किती कललाय ते बघून ग्राफ काढायचा. किती वेळात ढासळतं? सेकंदाचे हजार अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाच्याही आत! आई म्हणाली, "एवढ्यात गॅस तरी पेटतो का गं?"

बाहेरचा उजेड नको म्हणून काळा पडदा मीच आणला, उल्हासनगरहून. दुकानदार म्हणे, "ले जा बेटा, सूरज भी पूछ के आएगा!" कोणी दार आपटलं की लेसरचा आरसा हलला, की सगळं पहिल्यापासून! २००५ला घरात पाणी शिरलं, तेव्हा आईने टीव्ही सोडून माझी वही माळ्यावर टाकली... टीव्ही गेला!

आणि हा कैलासदादा, माझा सीनियर, स्टेशनच्या पलीकडचा! "यशू, ग्राफ दे ना, आपल्या गाईड सरांना दाखवतो. आपण बदलापूरवाले ना!" दिला मी! पेनड्राइव्हसकट! बदलापूरवाले ना आपण...

सहा महिन्यांनी रिसर्च जर्नलमध्ये पेपर छापून आला. ग्राफ माझा, नाव कैलासचं आणि सरांचं! सरांकडे गेले, तर सर चष्मा पुसत, "अगं, कैलास म्हणाला, तू फक्त... पडदे लावलेस." पडदे!! जिन्यात गाठलं कैलासला. "रागावू नकोस गं, नोकरीसाठी पेपर हवा होता. तू समजून घेशील वाटलं... आपण बदलापूरवाले ना!" रडलेच हो मी तिथे. त्यानेच रुमाल पुढे केला आणि, लाज बघा, मी घेतला!

मग डोळे पुसले, तशीच सरांकडे. म्हटलं, दोघांनाही तुमच्यासमोर मोजायला लावा. कैलासला दिवसभर दोन झटके एका जागी जुळवता येईनात! घाम नुसता! मी बसले, तासाभरात ग्राफ कॉम्प्युटरच्या पडद्यावर. दुसऱ्या दिवशी सरांनी जर्नलला दुरुस्तीचं पत्र धाडलं, आणि चार महिन्यांनी छापून आलं, पहिलं नाव माझं! आईने पेढे वाटले. शेजारच्या कुंदाकाकूंनी ते पान हातात घेतलं, एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचायला लागल्या... आणि थांबल्या.

"ही यशोदा कोण गं?"

बघते तर खरंच तसंच छापलेलं! आता पुन्हा पत्र? ...जाऊ दे. यशोदाचं तरी भलं होवो.