खिडकीच्या अलीकडची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रहिवासी मंडळाचेही अध्यक्ष, म्हणजे एकाच माणसाला दोनदा नमस्कार. व्यासपीठावरचे सन्माननीय प्रमुख पाहुणे, ज्यांची आणि आमची ओळख आजच होते आहे. मंडळाचे सर्व पदाधिकारी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत असं निमंत्रणात छापलंय त्या आपल्या खिडकीबाई. आणि समोर बसलेल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आणि दारातच घुटमळणाऱ्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो! दारातल्यांनी आधी आत या. पुढची रांग राखीव आहे म्हणे, पण रिकामी आहे. बसा. आज बसण्याचंच काम आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी कानात सांगितलंय, "फक्त आठवणी सांगा, बाकी काही नको." बरोबर आहे त्यांचं. निरोपाच्या कार्यक्रमात आठवणीच सांगायच्या असतात. मी बस चालवते, तेव्हा मध्येच घंटी वाजवलीत तर माझा स्टॉप आल्याशिवाय मी थांबणार नाही, एवढं मात्र समजून घ्या.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. बाईंना आम्ही खिडकीबाई म्हणतो, कारण त्यांची उभी नोकरी एका कचेरीच्या खिडकीमागे गेली. त्या स्वतःच म्हणायच्या, "लोकांना परत पाठवण्याचे जेवढे प्रकार आहेत ना, ते मला पाठ आहेत." नोकरी संपली आणि त्या आमच्या इमारतीत राहायला आल्या. तळमजल्यावर एक खोली होती. मोडक्या खुर्च्या, गळकी बादली, कुणाचा तरी जुना पाळणा, असं सगळं तिथे टाकलेलं असायचं. बाईंनी ती मागितली. तेव्हाच्या मंडळाला वाटलं, बरं झालं, निदान झाडून तरी निघेल. सुतारकाकांनी खुर्च्यांना पाय लावले, औषधांच्या दुकानातून एक जुनं टेबल आलं, आणि खोली सुरू झाली. कुणी शिलाई शिकवायला लागलं, कुणी अक्षर ओळखायला. दुकानातली फार्मसिस्ट संध्याकाळी येऊन म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगायची. नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना पाणी कधी येतं हे त्या खोलीत कळायचं आणि कुणाशी कोण बोलत नाही हेही तिथेच कळायचं. दोन्ही उपयोगाचं.

पण खरी गर्दी असायची शनिवारी. टेबलाच्या पलीकडे बाई. अलीकडे एक खुर्ची. त्या खुर्चीत ज्याचं काम कुठेतरी अडलंय त्याने बसायचं. बाई चष्मा नाकावर आणायच्या, आणि त्या क्षणी आपल्या ओळखीच्या बाई संपून खिडकीमागच्या कारकूनबाई सुरू व्हायच्या. "काय काम आहे?" अशा विचारायच्या की माणसाला आपलं काम विसरायला व्हावं! मग सुरू. "हा कागद जुना झाला." "ही खिडकी नाही, ती खिडकी." "साहेब जेवायला गेलेत." आपण शांतपणे तेच तेच विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. नियम एवढाच. आम्ही बाकीचे मागे बसून पोट धरून हसायचो.

माझ्या सासूबाई समोर बसल्या आहेत. त्यांना कमी ऐकू यायचं. आम्हा दोघींचं कसं आहे ते त्यामुळे अख्ख्या इमारतीला माहीत आहे. त्यांना दवाखान्यातून कानाचं यंत्र मंजूर झालं होतं. प्रत्येक वेळी जायच्या, खिडकीवरचा माणूस काहीतरी पुटपुटायचा, ह्यांना ऐकू यायचं नाही, ह्या मान डोलवून परत यायच्या आणि स्वयंपाकघरात पाठ फिरवून रडायच्या. त्यांना मी खोलीत नेलं. पहिल्या शनिवारी बाई "साहेब जेवायला गेलेत" म्हणाल्या, तर सासूबाई खरोखरच उठल्या, वर "त्रास दिला हं" असं म्हणाल्या! पण शिकल्या. आणि एक दिवस दवाखान्यात पुन्हा पुन्हा विचारल्यावर तेच वाक्य मोठ्याने आलं, तेव्हा म्हणाल्या, "जेवू देत सावकाश. मीही डबा आणलाय." तिथेच उघडला. संध्याकाळी कानात यंत्र घालून घरी आल्या. मी शेजारणीला त्यांचीच गाऱ्हाणी सांगत होते, ते त्यांनी दारातून सगळं ऐकलं. तेव्हापासून आमच्याकडे भांडणं हळू आवाजात होतात.

आणि मी? माझी अडचण उलटी. मला सकाळची पाळी हवी होती, लेकीची शाळा दुपारी सुटायची म्हणून. मी डेपोत जायचे आणि तारस्वरात ओरडायचे. साहेब म्हणायचे, "आधी शांत व्हा, मग या." की मी बाहेर! बाईंनी मला शिकवलं. म्हणाल्या, "अगं, ओरडणाऱ्याला बाहेर काढणं सगळ्यात सोपं. शांत बसलेल्याला उठवायचं तर कारण द्यावं लागतं, आणि ते त्यांच्याकडे नसतं." म्हणून आजही मी हळू बोलते आहे. हळू बोलते म्हणून मला राग आलेला नाही, असा गैरसमज कृपा करून कुणी करून घेऊ नये. मला अतोनात राग आला आहे.

चिठ्ठी आली. "कृपया आटोपतं घ्या." धन्यवाद. घेते.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. भाषा सुंदर आहे. "आधारस्तंभ" दोनदा आलंय. "वयोमानानुसार स्वेच्छेने निवृत्त होत आहेत," असंही आलंय. स्वेच्छेने? कुणाच्या इच्छेने, अध्यक्षमहाराज? बाईंना पगार नव्हता, पद नव्हतं. त्या निवृत्त कशातून होणार?

झालं काय ते पाहुण्यांना कुणी सांगितलं नसेल. इमारतीची लिफ्ट बंद होती. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीसकट उचलून डॉक्टरकडे न्यावं लागायचं. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, उत्तर एकच, "बघतो." शेवटी आम्ही मंडळाच्या कचेरीत गेलो. कुणी ओरडलं नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. नुसते बसलो. अध्यक्ष जेवायला गेले आहेत असं कळलं, तेव्हा सगळ्यांनी आपापले डबे काढले. सासूबाई सगळ्यांत पुढे! लिफ्ट सुरू झाली. आणि पुढच्याच महिन्यात खोली बंद झाली. आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, असं मंडळ म्हणतं. नसेल. आम्ही फक्त क्रम सांगतो.

त्या जागी आता 'समुदाय विकास केंद्र' होतंय. नाव ऐका! ज्या समुदायाचा विकास करायचा तो तिथे बसलाच होता, त्याला बाहेर काढून केंद्र उभं केलं. काचेचं दार बसवलंय. आत जायला अर्ज, अर्जाला फोटो, फोटोला सही. भिंतींना ज्यांनी रंग दिला, ज्यांनी खुर्च्यांना पाय लावले, त्यांनी ओळखपत्र दाखवायचं. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण नागोबाने बिळाला काचेचं दार लावलेलं मी पहिल्यांदाच बघते आहे.

टाळ्या नकोत. टाळ्या वाजल्या की त्यांना वाटतं, कार्यक्रम संपला.

पण राग फक्त मंडळावर असता तर मी तो कचेरीत जाऊन सांगितला असता, भरल्या सभेत नाही. बाई, मला तुमचाही राग आला आहे. खाली बघू नका. जिन्यात मी तुम्हाला विचारलं, "खोली द्यायला 'बरं' का म्हणालात?" तुम्ही काय म्हणालात? "अगं, फुलं घेऊन आले होते. 'तुम्ही फार केलंत, आता आराम करा,' असं इतकं गोड बोलत होते. हातात फुलं धरून नाही कसं म्हणायचं?"

मी दोन पायऱ्या वर गेले आणि तिथेच थांबले. कारण तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या इमारतीला ज्यांनी न उठायला शिकवलं, त्या स्वतः अलीकडच्या खुर्चीत कधी बसल्याच नव्हत्या! एकदाही नाही. नेहमी पलीकडे. कारण पलीकडचं त्यांच्यासारखं कुणाला जमत नव्हतं आणि आम्हाला मजा यायची. बाई, आज तुमचं काही अडलंय का, असं एका शनिवारी तरी आपल्यापैकी कुणी विचारलं? मऊ लागलं म्हणून मंडळाने कोपराने खणलं, हे खरं. पण माती मऊ आहे हे आपल्यालाही माहीत होतं, आणि आपण त्यात पाय पसरून बसलो होतो. आणि मानपत्रासाठी वर्गणी मागितली, तर सगळ्यांनी गुपचूप दिली. मीसुद्धा.

परवाची गोष्ट. मी कामावरून येत होते. बाई नेहमीच्या वेळी, नेहमीची पिशवी घेऊन त्या काचेच्या दारापाशी उभ्या. सवय, दुसरं काय! नवा रखवालदार बाहेर आला. त्याचा काही दोष नाही, त्याला जे सांगितलंय तेच त्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय?" बाई म्हणाल्या, "कुणाला नाही." आणि परत फिरल्या. मी लांबून बघत होते. मला रडू आलं आणि मग जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

असो. रीतीप्रमाणे आभार मानायला हवेत. मला बोलायची संधी दिली म्हणून मंडळाचे आभार. पुन्हा देतील असं वाटत नाही, म्हणून आत्ताच भरघोस मानते. पाहुण्यांचे आभार, कारण ते एकदाही घड्याळाकडे बघत नाहीयेत. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणा वडीलधाऱ्याचा मान राहिला नसेल, तर पदरात घ्या. बसच्या माणसाला वळण घेताना कधी कधी कडेचं लागतं.

कार्यक्रमपत्रिकेत ह्यानंतर 'बाईंचे मनोगत' आहे. तेवढ्यासाठी हे टेबल मी जरा पुढे ओढते. सुतारकाका, ती खुर्ची द्या इकडे. हो, त्याच खोलीतली आहे. जिन्याखाली टाकून दिली होती, आम्ही उचलून आणली. ही इथे, अलीकडे. मी पलीकडे बसते. चष्मा मला नाही, तो आहे असं समजा.

आणि समोरच्यांनो, उत्तर मिळेपर्यंत कुणी उठणार नाही. सासूबाईंनी डबा आणलाय, मी निघतानाच बघितलं.

या बाई. फुलं खाली ठेवा आधी. दोन्ही हात मोकळे लागतात. बसा. घाबरू नका, आम्ही सगळे मागेच आहोत.

हं. काय काम आहे?

बोला ना. साहेब जेवायला गेलेले नाहीत, बाई. इथेच बसलेत.