विटांचं अंगण

अमेरिकेतल्या थंडगार डुलुथच्या त्या दुकानात अवजारं भाड्याने मिळत. घाईत असलेली लॉर्ना रांगेत चुळबुळत होती. पुढे म्हाताऱ्या आर्डिसबाई, गल्ल्यावर वेंडेल.

"खडी दाबायचं मशीन दे रे."

"काकू, गेल्या वसंतातही नेलंत की! अंगणात विटा लागल्या नाहीत अजून?"

"खडी बसायला नको? क्लेटसने थरावर थर दाबले, तेव्हाच म्हणाला, एक हिवाळा जाऊ दे. बर्फाने जमीन फुगते, मग खाली बसते. विटा वसंतात लावू."

"क्लेटसकाका जाऊनच तीन हिवाळे झाले. दगड झाली असेल ती खडी."

"झालीय ना! उतार असा काढलाय त्याने, पाणी ओतलं की घरापासून लांब पळतं."

"मग वाळू पसरू, विटा लावून टाकू. रविवारी येतो मी. दिवसभरात उरकेल."

"नको रे बाबा."

"का?"

"विटा तो लावणार होता."

वेंडेलने मशीन पुढे ढकललं. लॉर्नाने दार उघडून धरलं.

"संध्याकाळपर्यंत आणून द्या, काकू."

"देते. आणि पुढच्या वसंतात माझ्यासाठी बाजूला काढून ठेवशील ना?"