तात्यांच्या गाडीतली कुंई

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. आपण देवाचं नाव एवढं मोठ्यानं घेतो, चार कर्णे लावून घेतो — मग ते आत का पोचत नाही? आवाज कमी पडतो म्हणून? हां, मान डोलवू नका. आधी ऐका!

आमच्या तासगावकडं बजरंग तात्या माने म्हणून एक गृहस्थ. रिटायर झाले आणि नवी कोरी गाडी घेतली. पांढरीशुभ्र! सीटवरचं प्लास्टिक सहा महिने काढलं नाही. उन्हाळ्यात बसलं की माणूस खाली चिकटायचा — पण प्लास्टिक काढायचं नाही! त्यांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, दाराला हात लावला की तात्या ओरडायचे, "अगं बांगड्या! बांगड्या वर घे, रंगाला लागतील!"

तात्यांचे थोरले भाऊ, केरबा अण्णा. पंचक्रोशीत भजनाला तसा गळा नव्हता! पण त्याच गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कायमचा. बोलायचं ते पाटीवर लिहायचं. अण्णांनी भजनाला जाणं सोडलं, भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. तात्यांना ते बघवायचं नाही हो. ह्याच अण्णांनी त्यांना खांद्यावर बसवून भजनाला नेलं होतं.

अण्णांच्या भजनाची तीस वर्षांपूर्वीची एक कॅसेट घरात होती. तात्यांनी ती पेन ड्राइव्हवर भरून आणली. घरात लावली, तर अण्णा उठून चालते झाले! तात्या म्हणाले, "गाडीत लावतो. मिरजेला डॉक्टरकडं नेताना उठून जातोय कुठं?" पण अण्णांना ऐकायला कमी, रेकॉर्डिंग बारीक, आणि कंपनीचा टेप म्हणजे... नव्या नवरीसारखा! तोंडातल्या तोंडात!

तात्या गेले इलाही मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हणाला, "टेप बदलायला नको तात्या. सीटखाली अँप्लिफायर बसवतो. बॅटरीवरनं एक तार, स्पीकरच्या तारा ह्याच्यातनं फिरवतो. फक्त अर्थिंगच्या तारेला टिकलीएवढा रंग खरवडावा लागंल. तार उघड्या लोखंडावर बसली पायजे."

"खरवडायचा?" तात्या ताडकन उठले. "माझ्या गाडीचा रंग?"

"सीटखाली हाय तात्या. देवाला बी दिसायचा न्हाई!"

"मला ठाऊक असंल ना! रंगावरच आवळ."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि रंगावरच नट आवळला.

झालं! मंगळवारी अण्णांना पुढं बसवलं, गाडी सुरू केली, भजन लावलं. आणि मंडळी, काय आवाज! कुंईंईं! गाडी पळवावी तशी कुंई चढती, ब्रेक मारला की कुंई उतरती! मधेच भजन, मधेच कुंई! अण्णांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. शेवंताकाकू मागनं म्हणाल्या, "इंजिन बंद करा, मी ढकलते, तुम्ही ऐका!"

इंजिनही बंद करून बघितलं. तर भजनच तुटायला लागलं.

अण्णांनी पाटी घेतली, लिहिलं — 'मी असा किंचाळायचो?'

हसू नका. इथं हसायचं नाही. ज्या माणसाचा आवाज गेला, त्याचं आता एवढंच उरलं होतं — की आपण कधीतरी चांगलं गायलो होतो. भावानं तेही काढून घेतलं! टिकलीएवढ्या रंगापायी!

तात्यांनी मिरजेहून गाडी थेट इलाहीच्या दारात आणली. तावातावानं आले होते. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मशीनचं काम आवाज वाढवणं. आत जे येतंय ते वाढवणार. भजन बी वाढवलं, इंजिनाची कुरकुर बी वाढवली. तार रंगावर बसलीय तात्या, लोखंडाला धड लागत न्हाई; म्हणून कुरकुर आत शिरतीय आन् भजन तुटतंय."

तात्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "पॉलिश पेपर दे." आणि तो साठीचा माणूस पाठीवर आडवा होऊन सीटखाली शिरला. स्वतःच्या हातानं रंग घासला. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला!

पुन्हा गाडी सुरू. कुंई नाही! आणि अण्णांचा गळा — असा भरून आला गाडीत, की इलाही दुकानातनं उठून बाहेर आला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. भजन संपलं. तात्यांनी भीत भीत पाटी पुढं केली.

अण्णांनी लिहिलं — 'दुसऱ्या कडव्यात ताल घसरलाय. भजनातल्या पोरांना हे ऐकवू नको. मीच येऊन दाखवतो.'

गुरुवारी अण्णा भजनाला हजर! आवाज नाही, पण हातात टाळ. एक मात्रा इकडची तिकडं होऊ दिली नाही कुणाला!

तर मंडळी, आवाजाला आपण कधी कमी पडलो? पण तार रंगावर बसवलीय आपण! पत्रिकेत माझं नाव खाली का छापलं? हार आधी त्याला का घातला? — मी सुद्धा आत्ता येताना तेच बघितलं, खोटं कशाला बोलू! आणि मग नाव घेताना आत नुसती कुंई.

आता सरपंच, तुम्हालाच बोलतो. रागावू नका. तुम्ही मंडपाच्या ह्या टोकाला बसलाय, तुमचे धाकटे बंधू त्या टोकाला. चार वर्षं झाली, म्हणतात, बोलणं नाही. आरतीचं ताट तयार आहे. ते दोघांनी मिळून धरायचं आहे.

उठा. आम्ही थांबतो.