बोटीनंच जाणार

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मुंबईच्या तिकिटासाठी लीलाताई रांगेत उभ्या होत्या. मागं नेसरीची एक म्हातारी आणि तिची विशीतली नात. दोघींची बोलणी सगळ्या रांगेला ऐकू जात होती.

“बापाला भेटायला जा, पर इमानात बसून जा की गं, शेवंता!”

“न्हाय आज्जी. आफ्रिकेला बोटीनंच जाणार.”

“बोटीनंच तुझी आई गेली. इसरलीस?”

“कशी इसरंन? पाच वर्साची हुते मी. पहाटं धुक्यात दुसरी बोट आमच्या बोटीवर आदळून खोलीतच घुसली. मला झोपल्या जागी उचलून घेऊन गेली. खलाशांना त्या बोटीच्या नाकाडावर घावले मी, आईला हाका मारताना. आई समुद्रात गेली.”

लीलाताईंच्या पुढची बाई वळली. “आईला खाऊन वाचली म्हणायची पोर!”

“नेसरीत बी असंच म्हणत्यात, मावशी. एवढं लोखंड अंगावर आलं तवा मेले न्हाय. तुमच्या बोलण्यानं मरू व्हय?”

बाईनं तोंड फिरवलं.

“आज्जी, त्या जागेवरनं बोट जाती. तिथं कठड्याला उभी ऱ्हाणार हाय मी. आईला दिसू दे की, केवढी झाले ती.”

म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली.

“मुंबईची दोन तिकिटं काढ.”

“तू कशाला?”

“धक्क्यापतूर येतो मी. कप्तानाला दम देतो, माझ्या नातीला नीट ने म्हणून!”