ख्यालाचा तास

...नाय, घोरलो मी, मान्य! पण तुम्हाला सांगतो, पहाटे पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस धरायची, वाळूजला आठ तास प्रेस मशीनपुढं उभं राहायचं, चारला घरी येऊन चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच पोरगी वही घेऊन हजर... "बाबा, आज ख्याल!" अन् लावला की तिनं मोबाईलवर विलंबित! ऐकलंय कधी? गवई एक सूर धरतो तो सोडतच नाय, मागून तंबोरा थोपटल्यासारखा... मग डोळा लागणार का नाय? सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

पोरगी म्हणजे आमची अपेक्षा. तेरा वर्षांची. बोलताना अडखळते हो. शाळेत पोरं नक्कल करायची, "अ-अ-अपेक्षा!" शेवटी तिनं वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. तवा आमची मंडळी, दीपमाला, म्हणाली, "बास! घरीच शिकवते हिला." गणित-विज्ञान आईकडं, अन् शास्त्रीय संगीताचा इतिहास अन् रसग्रहण पोरीनं स्वतः निवडलं. पण ऐकायला सोबत कुणी पाहिजे का नको? धरलं मला! म्हणते, "ग्वाल्हेर घ-घराणं, किराणा घराणं..." मी म्हणलं, "भावाभावांत वाटण्या झाल्या व्हय?" "बाबा! घराणं म्हणजे गायची रीत!" "अन् ख्याल? शहागंजच्या बाजारात म्हणतात तो, खयाल रखो वाला?" तर म्हणते, "तोच शब्द! म-मनातला विचार, कल्पना." कधी नाय ते बरोबर आलं! समाधानानं डोळे मिटले... अन् घोरलो. ह्यात माझं काय चुकलं?

तिनं वही मिटली. दोन दिवस एक शब्द नाय! दीपमाला म्हणाली, "अहो, बाहेर कुणाशी बोलत नाय ती. तुमच्याशी बोलते, तर तुम्ही घोरता!" लई लागलं मनाला.

तिसऱ्या दिवशी मीच म्हणलं, "लाव बाई." डोळे मिटले, पण जागा! शप्पथ! तिला वाटलं, झोपले परत. तर कानाशी येऊन हळूच समजवायला लागली... आधी धृपद कसं होतं, मग ख्याल कसा पुढं आला, दोन ओळींची बंदिश गवई आपल्या मनानं कशी वाढवत नेतो... दहा मिनिटं... एकदाबी अडखळली नाय हो! नाकावर माशी बसली, पायाला मुंग्या आल्या, पण हललो नाय. हललो अन् थांबली तर?

तेवढ्यात म्हणते, "बाबा, प-पापण्या हलतात तुमच्या. जागे हात तुम्ही."

गपकन उठून बसलो. वाटलं, झालं, मिटली वही! पण नाय... अडखळत अडखळत, माझ्याकडं बघत, पुढचं सांगतच राहिली, मागं गाणं चालूच. मला भरून आलं, मी जोरात म्हणलं, "वा!" तर म्हणते, "इ-इथं नाय बाबा! तबल्याचा ठेका फिरून पहिल्या मात्रेवर आला की म्हणायचं. ती सम." पुन्हा म्हणलं, चुकलं. पुन्हा म्हणलं, पुन्हा चुकलं! आता रविवारी, हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, माझी परीक्षा ठेवलीय तिनं. ह्यात... जाऊ द्या.

पोरीची शाळा सुटली म्हणून रडलो होतो हो मी. मला काय माहीत, माझी भरणार हाय!